ट्राय-कॅच असूनही निसटणारी प्रॉमिसची एरर कशी धरायची

जावास्क्रिप्टमध्ये 'अनहँडल्ड प्रॉमिस रिजेक्शन' (प्रॉमिस, म्हणजे निकाल नंतर देणारं काम, फसलं आणि त्याची एरर कोणी धरलीच नाही) दिसलं की 'सगळं ट्राय-कॅचमध्ये टाक' हा सल्ला हमखास मिळतो. तेवढ्यावर भागत नाही. ट्राय असूनही एरर निसटते, आणि ती कुठून निसटते हे कळायला हवं.

एरर येऊ शकेल अशा कॉलपुढे अवेट (प्रॉमिसचा निकाल येईपर्यंत थांब) लावा, तो ट्रायमध्ये ठेवा. देनची साखळी असेल तर शेवटी कॅच.

सर्व्हरकडून डेटा मागवायला फेच वापरत असाल तर लक्षात ठेवा, सर्व्हरने ४०४ किंवा ५०० दिलं तरी त्याचं प्रॉमिस रिजेक्ट होत नाही. रिस्पॉन्सचं 'ओके' तपासा आणि ते फॉल्स असेल तर स्वतः एरर फेका. फेकताना एरर ऑब्जेक्टच फेका. नुसत्या स्ट्रिंगला स्टॅक, म्हणजे एरर कुठून आली याचा माग, नसतो.

आता लूप. इथे माझ्या दोन रात्री गेल्या आहेत. नाशिकजवळच्या एका कांदा व्यापाऱ्याचं काम होतं: लिलाव झाला की शेतकऱ्यांना वजन, भाव आणि रकमेचा मेसेज जायचा. मी यादीवर फॉरईच लिहिलं, आत असिंक (प्रॉमिस देणारं) फंक्शन, त्यात अवेट, आणि या सगळ्याभोवती ट्राय-कॅच. दिसायला चोख. पण लॉगमध्ये 'सगळे मेसेज गेले' ही ओळ आधी उमटायची, तिच्याखाली एरर, आणि प्रोसेस बंद. यादीत एक मोबाइल नंबर नऊ आकडी होता. त्या एका नंबरापायी काहींना मेसेज मिळाला, काहींना नाही, आणि कोणाला गेला याची नोंदच नव्हती. ट्रॅक्टर रिकामा करून माणसं पट्टीच्या आकड्यासाठी फोन करत होती.

फॉरईच कोणासाठीही थांबत नाही. असिंक फंक्शनने दिलेलं प्रॉमिस ते तिथेच सोडून देतं. एरर येईपर्यंत कोड ट्रायच्या बाहेर पडलेला असतो, मग कॅच धरणार कोणाला? नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते) १५ येण्याआधी, म्हणजे २०२० पर्यंत, अशा वेळी नुसती वॉर्निंग यायची. आता प्रोसेसच पडते. फ्लॅग लावून पुन्हा वॉर्निंगवर आणता येतं, पण ते अजिबात करू नका. मेसेज तरीही जाणार नाही, फक्त तुम्हाला कळायचं बंद होईल.

एकेक करून पाठवायचं असेल तर फॉर-ऑफ घ्या आणि ट्राय लूपच्या आत ठेवा. एकदम पाठवायचं असेल तर मॅप करून सगळ्यांचा निकाल येईपर्यंत थांबणाऱ्या प्रॉमिस ऑलसेटल्डला द्या, मग ज्यांचं स्टेटस 'रिजेक्टेड' आलं त्यांची वेगळी यादी काढा. इथे प्रॉमिस ऑल नको. पहिल्याच अपयशाला ते रिजेक्ट होतं, बाकीची कामं मात्र मागे चालूच राहतात आणि त्यांचा निकाल तुमच्या हाती येत नाही.

याच जातीची दुसरी चूक: ट्रायच्या आत अवेट न लावता प्रॉमिस थेट रिटर्न करणं. तेही कॅचला चुकवून बाहेर जातं. 'रिटर्न अवेट' लिहा; ट्रायमध्ये ते फालतू नाही, कोणी काहीही म्हणो.

कॅचमध्ये नुसतं कन्सोल लॉग करून पुढे जाऊ नका. पुढच्या ओळीला अनडिफाइंड मिळतं आणि चूक भलतीकडेच दिसते. सावरता येत नसेल तर एरर पुन्हा फेका. 'अनहँडल्ड रिजेक्शन'चा ग्लोबल हँडलर लॉग लिहून प्रोसेस बंद करण्यापुरताच ठेवा.

टाइपस्क्रिप्ट असेल तर ईएसलिंटमध्ये (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) 'नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस' आणि 'नो-मिसयूज्ड-प्रॉमिसेस' हे दोन नियम चालू करा. माझं ते फॉरईच दुसऱ्या नियमाने लिहितानाच पकडलं असतं.