अ‍ॅव्हरेज काढायच्या आधी कॉलमला तीन प्रश्न विचारा

मी एकदा सर्व्हेच्या शीटमध्ये फॉर्म्युला सगळ्या कॉलमवर ओढला आणि पिनकोडची पण सरासरी आली, ४११००१ आणि ४००००१ ची ४०५५०१, पुणे-मुंबईच्या मधलं म्हणजे काय लोणावळा का? तेव्हापासून आधी तीन गोष्टी बघते.

क्रम लागतो का? नाही लागत (पिनकोड, रक्तगट) तर तो नॉमिनल, फक्त मोजा, किती जण कशात ते, फार तर मोड (सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर) काढा. क्रम लागतो पण दोन पायऱ्यांमधलं अंतर सारखं का? 'ठीक' ते 'चांगलं' आणि 'चांगलं' ते 'उत्तम' यात तेवढंच अंतर आहे हे कोणी सांगितलं, म्हणून तो ऑर्डिनल, त्याला मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं उत्तर) बरा. लोक या उत्तरांना ३, ४, ५ असे आकडे देऊन सर्रास सरासरी काढतात, चालवून पण घेतात, पण ३.७ म्हणजे नक्की काय हे विचारलं की गप्प.

तिसरा प्रश्न शून्याचा, शून्य म्हणजे खरंच काहीच नाही का? इथेच जास्त गोची होते. ० डिग्री सेल्सियस म्हणजे तापमानच नाही असं नाही ना, म्हणून ४० डिग्री हे २० च्या दुप्पट गरम नाही, केल्विनमध्ये (या मापात शून्य खरं असतं) ते साधारण ३१३ आणि २९३ होतात, बघा कुठे दुप्पट? हा इंटरव्हल, अंतर सारखं पण शून्य खरं नाही. वजन, पगार, वय यांचं शून्य खरं, ते रेशो, तिथे दुप्पट-तिप्पट बिनधास्त म्हणा.

ही चार नावं स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मांडली.

आणि हो, पिनकोड, रोल नंबर, मोबाईल नंबरचे कॉलम एक्सेलमध्ये सुरुवातीलाच टेक्स्ट करून ठेवा, पुढचं शून्य पण उडत नाही.