डाळिंबाच्या सालीचा अर्क सोनिकेटरवर काढताय? या चुका टाळा

मार्केट यार्डाजवळच्या ज्यूसवाल्याकडे डाळिंबाच्या साली मागितल्या तर तो पिशवी भरून देतो, वर "औषध करताय का?" असंही विचारतो. कच्चा माल फुकटचा, त्यामुळे एमएस्सीच्या प्रोजेक्टला निम्मी मुलं हाच विषय घेतात. आणि बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं: उष्णता.

सोनिकेटर (अल्ट्रासाउंडने अर्क काढायचं यंत्र) म्हणजे थंड पद्धत, असा समज असतो. अल्ट्रासाउंडमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात, त्या धक्क्याने पेशी फाटतात, हे खरं. पण त्यातली बरीच ऊर्जा शेवटी उष्णताच होते. मी एप्रिलमधल्या एका दुपारी "वीस मिनिटांत इतकं आलं, तर तासाभरात तिप्पट येईल" म्हणून बाथ (पाण्याच्या टाकीचा सोनिकेटर, त्यात फ्लास्क ठेवायचा) चालू ठेवला. हीटर बंद होता, तरी थर्मामीटर पन्नाशीच्या पुढे. पॉलिफिनॉलचा (सालीतल्या अँटिऑक्सिडंट संयुगांचा) आकडा तर कमीच आला. नाजूक संयुगं तापून बिघडतात. शिवाय गरम द्रावकाची वाफ बुडबुड्यांत शिरते आणि फुटण्यातला जोरच जातो. बाथमध्ये बर्फ टाकत राहा. प्रोब (थेट द्रवात बुडवायची दांडी) असेल तर सलग न चालवता पाच सेकंद चालू, पाच बंद असं ठेवा. भांड्याभोवती बर्फ हवाच.

फ्लास्क उघडा ठेवलात तर इथेनॉल उडतं, अर्क घट्ट होतो आणि आकडा उगाच फुगतो. गाळल्यावर व्हॉल्यूम पुन्हा खुणेपर्यंत आणा. निव्वळ इथेनॉलही नको. पॉलिफिनॉलसाठी साधारण ५० ते ७० टक्के इथेनॉल, बाकी पाणी, हे मिश्रण बरं.

बाथमध्ये सगळीकडे सारखा जोर नसतो. स्वयंपाकघरातला फॉइलचा तुकडा चालू बाथच्या पाण्यात मिनिटभर उभा धरा. जिथे भोकं पडतील तिथे फ्लास्क अडकवायचा, तळाला टेकवायचा नाही. ताजं पाणी भरलं असेल तर आधी दहा मिनिटं फ्लास्क न ठेवता नुसतं पाणीच चालवा, विरघळलेली हवा निघून जाते.

साली कडक उन्हात वाळवू नका, सावलीत वाळवा. भुकटी मैद्यासारखी मऊ केलीत तर गाळणकागद तुंबतो.

डीपीपीएचला (जांभळा रंग किती उतरतो त्यावरून अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायची चाचणी) ५१७ नॅनोमीटरवर मोजताना अर्काचा स्वतःचा पिवळसर रंग विसरू नका, नमुन्याचा वेगळा ब्लँक (अर्क आहे पण डीपीपीएच नाही असा) लावा. प्रत्येक नमुन्यात रंग ९० टक्क्यांच्या वर उतरलेला दिसला तर आनंद नको, अर्क पातळ करा. फोलिनची (एकूण पॉलिफिनॉल मोजायची) चाचणी तर व्हिटॅमिन सीलाही रंग देते, त्यामुळे आवळ्याचा आकडा पाहून हुरळू नका.

आणि तीच भुकटी, तेच द्रावक, तेच तापमान, तेवढाच वेळ, फक्त अल्ट्रासाउंडशिवाय असा एक फ्लास्क शेजारी ठेवाच. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.