आइसलमीरला वळसा: डच खेड्यांतून सहकुटुंब गाडीने कसं फिरावं

नेदरलँड्स नकाशावर एवढासा दिसतो, म्हणून चार दिवसांत अख्खा देश उरकायचा मोह होतो. तो आवरा आणि एकच वळसा आखा: आइसलमीर सरोवराभोवतीचा. इथे पूर्वी झायडर झी नावाची खाडी होती. १९३२ साली ३२ किलोमीटरचा आफ्स्लाउटडाइक हा बांध पूर्ण झाला आणि खाडीचं सरोवर झालं. वाटेतली गावं कधीकाळची बंदरं आहेत, हे लक्षात ठेवलं की त्यांची रचना कळते.

गाडी स्खिपोल विमानतळावर भाड्याने घ्या. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, मूळ परवानाही सोबत हवा. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना चाइल्ड सीट सक्तीची आहे. ती आणि ऑटोमॅटिक गिअर दोन्ही बुकिंग करतानाच मागा.

गाडी उजव्या बाजूने चालवायची, ही सवय तासाभरात होते. खरी परीक्षा सायकलींची. तुम्ही उजवीकडे वळत असाल आणि शेजारून सायकल सरळ जात असेल, तर आधी सायकल. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसले आणि टोकं तुमच्याकडे असली, तर वाट द्या. काही खूणच नसेल, तर उजवीकडून येणारा आधी. दार उघडताना दाराकडचा हात न वापरता दुसऱ्या हाताने उघडायला पोरांना शिकवा. मान आपोआप मागे वळते आणि येणारी सायकल दिसते. वेगमर्यादा खेड्याबाहेर ८० किंवा ६०, वस्तीत ५० किंवा ३०. कॅमेरे भरपूर आहेत, दंड दणदणीत.

पहिला मुक्काम बेमस्टर. पवनचक्क्यांनी सरोवर उपसून १६१२ साली ही जमीन मोकळी केली. ती समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन मीटर खाली आहे. कडेला गाडी लावून बांधावर चढाच. एका हाताला काठोकाठ कालवा, दुसऱ्या हाताला चरणाऱ्या गायी, आणि गायी पाण्यापेक्षा चांगल्याच खाली! ‘समुद्रसपाटीपासून खाली’ म्हणजे काय, हे मुलांना इथे न सांगता कळतं. शेतांच्या दाराशी अंडी-बटाट्यांची छोटी कपाटं असतात. विक्रेता नसतो, पैसे डब्यात टाकायचे. सुटे युरो खिशात ठेवा. पवनचक्कीवर निळं निशाण फडकत असेल, तर आत जाऊन बघता येतं.

पुढे एडाम, होर्न, एन्कहाउझन. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी दोन होर्न आणि एन्कहाउझनच्या. याच कंपनीची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यात होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत. एन्कहाउझनच्या झायडर झी संग्रहालयाला अर्धा दिवस द्या. त्याचा खुला भाग उन्हाळी हंगामातच चालू असतो.

एन्कहाउझनबाहेर पडताना रस्ता पाण्याखालून जातो आणि जहाजं डोक्यावरून जातात. फोन आधीच मुलांच्या हातात द्या, चालकाने समोर बघावं. मग दोन्हीकडे पाणी असलेल्या बांधावरून लेलिस्टाड आणि पुढे शोकलांड. हे पूर्वी बेट होतं, १८५९ मध्ये रिकामं केलं गेलं. १९४२ मध्ये भोवतालचं पाणी उपसलं आणि बेट शेतांच्या मधोमध आलं.

खीटहोर्न या कालव्यांच्या गावात दुपारी पर्यटकांची झुंबड असते, म्हणून तिथे रात्री राहा आणि सकाळी लवकर विजेवरची छोटी होडी घ्या. तिला परवाना लागत नाही.

जेवणाचं मात्र आधी बघा. खेड्यांत हॉटेलांची स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. शाकाहारी असाल तर पॅनकेक मागवण्यापूर्वी लक्षात घ्या, पिठात अंडं असतं. ब्रेड आणि फ्रीसलांडचं लवंग-जिऱ्याचं चीज गाडीत असू द्या.

परतताना लेमरचं १९२० सालचं वाफेवरचं पंपगृह बघा; पाणी फार चढलं की ते अजूनही चालवतात. तिथून आफ्स्लाउटडाइकवरून परत या. पेट्रोल मात्र महामार्गावर न भरता गावातल्या पंपावर भरा, स्वस्त पडतं.