रोटेनबुर्गला जाताय? या चुका टाळा, निम्म्या मी स्वतः केल्यात

जर्मनीत न्युर्नबर्गला राहायला आल्यापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची एक फर्माईश ठरलेली असते, ते परीकथेतल्यासारखं गाव दाखव ना, लाकडी पट्ट्यांची रंगीत घरं असलेलं. म्हणजे रोटेनबुर्ग. आईबाबा झाले, सासूसासरे झाले, मित्र झाले, आता मित्रांचे मित्र येतात. एवढ्या फेऱ्या झाल्यावर लक्षात आलं की लोक त्याच त्याच चुका करतात, म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

सगळ्यात भारी चूक नावाची. गावाचं पूर्ण नाव रोटेनबुर्ग ओब डेअर टाउबर, म्हणजे टाउबर नदीच्या वरचं रोटेनबुर्ग. आता जर्मनीत याच नावाची गावं किती असावीत? हॅम्बुर्ग आणि ब्रेमेनच्या मध्ये एक, हेस्सेनमध्ये फुल्डा नदीवर एक, पार पोलंडच्या बॉर्डरला एक, शिवाय ट्युबिंगेनजवळ नेकार नदीवर दोन टी वालं रॉटेनबुर्ग. स्पेलिंगमध्ये कुठे टी नंतर एच आहे कुठे नाही, पण जर्मनमध्ये तो एच उच्चारत नाहीत आणि देवनागरीत तर सगळी जवळजवळ सारखीच दिसतात, बोंबला! आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने हॉटेल बुक केलं ते फुल्डावाल्या गावात, आणि कळलं कधी तर आदल्या रात्री, बॅगा भरून झाल्यावर. त्यामुळे हॉटेल असो की ट्रेन, 'ओब डेअर टाउबर' दिसल्याशिवाय पैसे भरू नका.

ट्रेनचं सांगतो. न्युर्नबर्गहून जाताना आन्सबाखला आणि श्टाइनाखला गाडी बदलायची, व्युर्झबुर्गहून येत असाल तर फक्त श्टाइनाखला. तिथून एक छोटी गाडी पंधराएक मिनिटांत पोचवते. श्टाइनाख नावाची पण अजून गावं आहेत हं, अ‍ॅपमध्ये 'बाय रोटेनबुर्ग' लिहिलेलंच घ्या. तिकडे उतरून आरामात फोटो काढत बसू नका, ती छोटी गाडी गेली की साधारण तासभर बाकड्यावर.

चार-पाच जण असाल तर बायर्न-तिकीट (बायर्न म्हणजे बव्हेरिया, हे राज्य) काढा, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येतं. पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच चालतं आणि लोक हमखास आठची गाडी पकडतात. आयसीई या वेगवान गाड्यांमध्ये चालत नाही, आणि तिकिटावर सगळ्यांची नावं लागतात, तपासनीस पासपोर्ट मागू शकतो. फ्रँकफर्टवाल्यांनी हे तिकीट काढून तिथून बसू नका, फ्रँकफर्ट बायर्नमध्ये नाही. देशभर चालणारं, दर महिन्याचं ते डॉइचलांड-तिकीट पाहुण्यांसाठी कोणी घेत असेल तर एवढं लक्षात ठेवा की ते सबस्क्रिप्शन आहे, 10 तारखेच्या आत कॅन्सल केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच. आमचे गेलेत.

कारने येणाऱ्यांनी गुगलबाईंचं ऐकून तटबंदीच्या आत घुसू नका. गावाबाहेर पी1 ते पी5 पार्किंग आहेत, तिथे लावा आणि चालत या. आत हॉटेल असेल तर गाडी कधी आणायची, कुठे लावायची हे हॉटेलला आधीच विचारा. आणि बॅगा! आतले रस्ते दगडी आहेत, चाकाची मोठी सुटकेस त्यावरून ओढली की अख्खी गल्ली खिडकीतून बघते आणि चाक तुटतं ते वेगळंच.

आता मुख्य चूक, वेळेची. टूर बसवाले सकाळी साडेदहा-अकराला येऊन दुपारी चारपर्यंत जातात, आणि आपण पण नेमके तेव्हाच जातो. प्लोनलाइन म्हणजे तो रस्त्याचा फाटा, मधलं पिवळं तिरपं घर आणि दोन बाजूंना दोन बुरुज, कॅलेंडरवर असतो तोच फोटो, तिथे दुपारी बारा वाजता तुमच्या फोटोत चाळीस लोक आणि एक डिलिव्हरी व्हॅन येणार. सकाळी सातला जा, कोणी नसतं, पाव आणणारे दोन आजोबा सोडले तर. त्यासाठी एक रात्र राहावं लागतं आणि माझं स्पष्ट मत आहे की राहायचं नसेल तर एवढं लांब जाऊच नका, लोकांच्या पाठी तर दादरला पण बघायला मिळतात.

गावात काय बघतोय ते माहीत नसलं की दोन तासांत 'झालं की सगळं' होतं. हे गाव 1274 पासून थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं, श्रीमंत. मग तीस वर्षांच्या युद्धात 1631 ला कॅथलिक सेनापती टिलीने घेतलं, त्यानंतर प्लेग आला आणि गाव इतकं गरीब झालं की जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसेच उरले नाहीत, म्हणून ती राहिली. गरिबीने जपलेलं गाव आहे हे. तरी सगळंच जुनं आहे असं समजू नका, 31 मार्च 1945 ला अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले आणि पूर्वेकडचा बराच भाग गेला. तो नंतर बांधला. तटबंदीच्या दुरुस्तीला जगभरातून लोकांनी पैसे दिले, त्यांच्या नावांच्या पाट्या भिंतीत बसवल्यात, जपानी नावं खूप दिसतील. तटावरून छपराखालून चालता येतं, फुकट, आणि लोक तेच सोडून दुकानात घुसतात. उंच असाल तर डोकं सांभाळा, माझं दोनदा आपटलंय.

चौकातलं घड्याळ. दर तासाला खिडक्या उघडतात, एकीकडे टिली, दुसरीकडे जुना महापौर नुश, तो टिलीच्या आव्हानावर सव्वातीन लिटर वाइन एका दमात पितो आणि गाव वाचतं अशी दंतकथा. दंतकथाच, इतिहास म्हणून मुलांना सांगू नका. आणि अर्धा तास आधी जागा धरून बसू नका, दोन बाहुल्या हलतात, संपलं. सासरे म्हणाले, एवढंच?

याच्या उलट सेंट याकोब चर्चमध्ये लोक तिकीट काढतात, समोरची मुख्य वेदी बघतात आणि बाहेर पडतात. अरे, खरी गोष्ट वर आहे! मागच्या बाजूला जिना चढून गेलं की टिलमन रीमेनश्नायडरने साधारण 1500 ते 1505 मध्ये कोरलेली पवित्र रक्ताची वेदी आहे, लिंडनचं लाकूड, रंग अजिबात नाही, येशूच्या शेवटच्या भोजनाचा प्रसंग आणि त्यात मधोमध येशू नाही, त्याला दगा देणारा शिष्य ज्युडास उभा आहे. हातातली पैशाची थैली बघा. खिडकीतून ऊन आलं की चेहरे बदलतात. मी दहा वेळा पाहिलंय आणि अजून कंटाळा नाही आला.

क्रिमिनल म्युझियम म्हणजे मध्ययुगातला कायदा आणि शिक्षा, मोठ्यांना फार रंजक, पण पाच वर्षांच्या पोराला नेऊ नका, रात्री तो झोपणार नाही आणि तुम्ही पण नाही.

खाणं. श्नेबाल नावाचा गोळा प्रत्येक दुकानात असतो. कणकेच्या पट्ट्या गोळा करून तळतात आणि वर पिठीसाखर, चव म्हणाल तर आपल्या शंकरपाळ्याचा जर्मन मावसभाऊ. चॉकलेटवाला भलामोठा घेऊन अर्धा टाकून देण्यापेक्षा साधा साखरेचा एक घ्या, कागदी पिशवीतच मुठीने फोडा आणि चौघांत वाटा. त्यात अंडं असतं, दारूचा थेंबही असू शकतो, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारा.

शाकाहारी लोकांची फसगत 'भाजी दिसतेय ना' म्हणून होते. फ्लामकूखन म्हणजे पातळ पिझ्झासारखा प्रकार, त्यावर श्पेक म्हणजे डुकराच्या चरबीदार मांसाचे तुकडे असतात, परतलेल्या बटाट्यात पण तेच, माउलताशन करंजीसारखे दिसतात पण आत बहुतेक मांस, आणि सूप भाजीचं असलं तरी पाणी हाडांचं असू शकतं. 'ओने फ्लाइश, ओने श्पेक' म्हणजे मांस नको, श्पेक नको, एवढं पाठ करा. केझेश्पेट्झले म्हणजे चीज घातलेल्या जाड शेवया, त्यावर निभतं, पण त्यात अंडं आहे. पाणी मागाल तर गॅसवालं येऊ शकतं, 'श्टिल' म्हणा. थोडी रोख ठेवा, सगळीकडे कार्ड चालेलच असं नाही, टॉयलेटला पण नाणी लागतात. रविवारी सुपरमार्केट बंद.

रात्री 8 ला चौकातून पहारेकऱ्याची इंग्लिश टूर निघते, काळा झगा, हातात कंदील आणि तिरकस विनोद, तासभर. जानेवारी ते ईस्टरच्या दरम्यान जात असाल तर चालू आहे का ते आधी बघा. ही टूर चुकवू नका, पण मी केलेली चूक पण करू नका. आम्ही जेवण टूरनंतर ठेवलं. नऊ वाजता पहिलं हॉटेल, किचन बंद. दुसरं, आज साप्ताहिक सुट्टी. तिसऱ्यात बाई घड्याळ दाखवून हसल्या. आईने मात्र काही न बोलता रूमवर बॅगेतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आणि पुढचे दोन दिवस ते प्रत्येक फोनवर सांगितलं.