बाळासाठी कापडी वाइप्स: आधी घरातलं कपाट उघडा

कापडी वाइप्सचे छान छान सेट ऑनलाइन मिळतात, घ्यायचे तर घ्या, पण त्याआधी एकदा घरातलं कपाट बघा. जुना सुती पंचा, विटलेली कॉटनची साडी, आजोबांचं धोतर, होजिअरीचे बनियन, यातून ढीगभर वाइप्स निघतात आणि वर्षानुवर्षं धुऊन ते कापड इतकं मऊ झालेलं असतं की नवं कापड तसं लगेच होतच नाही. फक्त शंभर टक्के सुती हवं. टेरिकॉट किंवा मिक्स कापड पाणी धरत नाही, शी पुसली जायच्या ऐवजी नुसती पसरते. ओळखायला सोपं आहे, कापडावर पाण्याचा थेंब टाका, लगेच आत शोषला गेला तर चालेल, वर मोत्यासारखा बसून राहिला तर ते फरशी पुसायलाही नको. साडी असेल तर काठ आणि जर आधी कापून टाका.

एक गोष्ट मात्र सिरियसली घ्या. ट्रंकेत किंवा कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं कापड बाळासाठी अजिबात वापरू नका. त्या गोळ्यांत नॅप्थॅलिन असू शकतं, आणि काही बाळांना जन्मतः जीसिक्सपीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या लाल रक्तपेशी या नॅप्थॅलिनमुळे फुटतात आणि कावीळ वाढते. आपल्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे बहुतेकांना माहीतच नसतं, त्यामुळे "उन्हात टाकलं की वास जातो गं" असं घरात कोणी कितीही म्हणालं तरी ते कापड बाजूलाच ठेवा. दुपट्यांना आणि झबल्यांनाही हेच लागू.

साइज वीतभर चौकोन, म्हणजे साधारण 20 सेंटीमीटर. साडीचं कापड पातळ असतं म्हणून त्याचे दोन पदर एकत्र शिवा, पंचा आणि बनियन एकपदरी चालतो. बनियनच्या कापडाचे धागे सुटत नाहीत त्यामुळे नुसतं कापलं तरी झालं, बाकीच्यांना घरी मशीन नसेल तर फॉल-पिकोवाल्याकडे द्या, चारही बाजूंनी पिको करून मिळतो. कडा तशाच सोडू नका, कारण सुटलेला धागा बाळाच्या हातापायाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि आवळून बोट सुजतं, हे खरंच होतं. कापड नवं आणलं असेल तर खळ निघेपर्यंत दोन-तीनदा धुऊन मगच वापरा. रोज धुणार असाल तर 25-30 पुरतात, पावसाळ्यातलं बाळ असेल तर 40 तरी करा. तोंड पुसायचे वेगळ्या रंगाचे ठेवा, म्हणजे रात्री अडीच वाजता झोपेत घोटाळा नको.

वापरताना कोरडेच ठेवायचे, ओले करून डब्यात भरून ठेवायचे नाहीत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत सकाळी भिजवलेल्यांना संध्याकाळपर्यंत कुबट वास येतो. त्यापेक्षा बाळाच्या गादीजवळ छोटा थर्मास आणि वाटी ठेवा, उकळून कोमट केलेलं पाणी, बस. साबण, गुलाबपाणी, वासाचं तेल काही नको. आधी लंगोटाच्या किंवा डायपरच्या कोरड्या भागाने जाडसर शी काढून घ्या, मग ओल्या वाइपने पुसा, दरवेळी घडी उलटून स्वच्छ बाजू वर आणा, अशी नीट घडी घातली तर एका-दोनात काम होतं. मुलगी असेल तर पुढून मागे, नेहमी पुढून मागेच. मुलगा असेल तर शूच्या जागेची कातडी मागे ओढायची नाही, वरून पुसलं की पुरे. मांड्यांच्या वळ्या उलगडून बघा, तिथे हमखास राहतं. शेवटी कोरड्याने टिपून घ्या, घासू नका. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांची ती काळपट हिरवी डांबरासारखी शी पाण्याने निघता निघत नाही, तिला कापडावर थोडं खोबरेल घ्या, पटकन निघते.

आता धुणं, कारण कापडी वाइप्स बंद पडतात ते इथेच. झाकणाची एक वेगळी बादली ठेवा, वापरलेला वाइप आधी गार पाण्याखाली खळखळून धुवा आणि मगच त्यात टाका. डायरेक्ट गरम पाणी घातलं तर डाग पक्का बसतो. फक्त अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाची पिवळी शी पाण्यात सहज जाते, सहा महिन्यांनी वरचं सुरू झालं की मात्र आधी संडासात झटकावं लागतं. मग दिवसातून एकदा सगळे गरम पाण्यात, मशीनला 60 डिग्रीवर, नेहमीच्या पावडरने, आणि एक एक्स्ट्रा पाणी काढा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने कापड पाणी शोषायचं कमी होतं. जंतुनाशक लिक्विडचीही गरज नाही, नाजूक कातडीला ते झोंबतं. पिवळे डाग राहिलेच तर ओले असतानाच कडक उन्हात टाका, दुपारपर्यंत बरेच फिके होतात.

जुलैत ऊन कुठून आणायचं? रात्री पंख्याखाली स्टँडवर, एकावर एक न टाकता, आणि सकाळी इस्त्री फिरवायची. जरा जरी ओलसर राहिले आणि घडी घातली तर वास मारतात. बूड लाल झालं तर थोडा वेळ उघडं ठेवा, हवा लागू द्या. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही किंवा कडेला छोटे लाल ठिपके दिसले तर डॉक्टरांना दाखवा, फंगल निघालं तर ते बरं होईपर्यंत वाइप्स रोज उकळून घ्या.

बाहेर जाताना कोरडे वाइप्स, पाण्याची बाटली आणि घाण झालेल्यांना चेनवाली वॉटरप्रूफ पिशवी. एसटीचा किंवा ट्रेनचा लांबचा प्रवास असेल तर सरळ विकतचं पाकीट घ्या, उगाच हट्ट नको, फक्त ते वाइप्स कमोडमध्ये टाकू नका, बऱ्याच वाइप्समध्ये पॉलिस्टरचे धागे असतात, ते विरघळत नाहीत आणि पाइप तुंबतो. पाळणाघरात मात्र आधी विचारा, ताई तयार असतील तर कोरड्या वाइप्सची एक पिशवी आणि एक रिकामी पिशवी द्या, नसतील तर तिथे पाकीट आणि घरी कापड.