आधी सनस्क्रीन, मग क्लिनिक: मुंबईच्या हवेत त्वचा कशी सांभाळावी

गोऱ्या युरोपियन चेहऱ्यावर वय दिसतं ते सुरकुत्यांतून. आपल्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर आधी उमटतात ते डाग: गालांवरचे वांग, ओठांभोवतीचा काळेपणा, पिंपल बसल्यावर मागे उरलेला तपकिरी ठिपका. त्वचेत मेलॅनिन, म्हणजे तिला रंग देणारं द्रव्य, भरपूर असल्याने सुरकुत्या उशिरा पडतात, हा आपला फायदा. पण त्याच मेलॅनिनमुळे जिथे आग होते, खरचटतं, भाजतं, तिथे डाग राहतो. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. चेहऱ्याला जे झोंबतं ते आपल्याला महागात पडतं, मग ते फुकटचं लिंबू असो की पाच आकडी बिलाचं लेसर.

पायरी १: आधी कपाट रिकामं करा

नवीन काही आणण्याआधी जुनं काय लावताय ते बघा. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली 'गोरं करणारी' ट्यूब असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा उजळतो, शेजारणी विचारतात काय लावतेस म्हणून, आणि मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, बारीक पुरळ आणि लव येते, उन्हात गेलं की आग होते. 2018 साली अशी स्टेरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांत टाकली गेली. तरीही ती सर्रास हातात पडतात. महिनोन्महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका, चेहरा उलटून लाल होतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून सोडा. आणि ज्या क्रीमच्या डबीवर घटकांची यादीच नाही, ती थेट कचऱ्यात. अशा क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडं खराब करतो.

आता घरगुती उपाय. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, अक्रोडाच्या सालीचा खरखरीत स्क्रब हे चेहऱ्यावर नको. लिंबू लावून उन्हात गेलात तर चक्क भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. डाळीचं पीठ आणि साय यांच्याशी माझं भांडण नाही, दिवाळीच्या उटण्याशी तर मुळीच नाही; पण रोज रगडून चेहरा घासण्याला माझा विरोध आहे. टिकलीच्या गोंदानेही काहींच्या कपाळावर खाज येते, पुढे पांढरा डाग पडतो. तसं काही दिसलं तर काही काळ टिकली सोडा आणि डाग दाखवून घ्या.

एक गोष्ट मात्र घासून कधीच जाणार नाही. मानेवर, काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा असेल तर तो मळ नसतो. बऱ्याचदा तो वाढलेल्या वजनाशी आणि शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याशी जोडलेला असतो. क्रीमऐवजी आधी रक्तातली साखर तपासा.

पायरी २: सकाळची तीन कामं

सौम्य फेसवॉशने तोंड धुवा. अंगाचा साबण अल्कधर्मी, त्वचा किंचित आम्लधर्मी, त्यामुळे साबणाने ती ओढल्यासारखी होते. मग मॉइश्चरायझर. 'मुंबईत एवढा घाम येतो, मॉइश्चरायझर कशाला?' असं अनेकजण विचारतात. घाम म्हणजे ओलावा टिकवणं नव्हे, आणि दिवसभर एसीत बसणाऱ्यांची त्वचा कोरडीच पडते. क्रीम चिकट वाटत असेल तर जेल घ्या, ग्लिसरीन किंवा हायल्युरोनिक ॲसिड असलेलं.

तिसरं काम सनस्क्रीन, आणि पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर इथे करा. एसपीएफ (उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा) 30 त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवतो, एसपीएफ 50 सुमारे 98 टक्के. म्हणजे आकड्यापेक्षा प्रमाण महत्त्वाचं. तर्जनी आणि मधलं बोट या दोन बोटांच्या लांबीएवढ्या दोन रेघा चेहरा आणि मानेला मिळून लागतात. बहुतेकजण याच्या निम्मंही लावत नाहीत. पाकिटावर 'पीए' आणि त्यापुढे तीन-चार अधिकची चिन्हं आहेत का ते बघा, कारण डाग आणि सुरकुत्यांना जबाबदार असलेली यूव्हीए किरणांपासूनचं संरक्षण त्यातून कळतं. ही किरणं काचेतून आत येतात. एसी लोकलची खिडकी, बेस्टची खिडकी, ऑफिसातलं काचेशेजारचं टेबल, सगळीकडे ती पोचतात. जुलैत आभाळ भरलेलं असतानाही पोचतात, त्यामुळे 'पाऊस आहे, आज नको' हे चालत नाही.

दर दोन तासांनी पुन्हा लावा असं पुस्तक सांगतं. विरारहून चर्चगेटला जाऊन दिवसभर आत बसणाऱ्याने निदान दुपारी बाहेर पडताना आणि संध्याकाळी ऊन असताना निघण्याआधी लावावं. दिवसभर उन्हात फिरणाऱ्यांना मात्र दोन तासांची सूट नाही. वांग असेल तर साध्या सनस्क्रीनने भागत नाही, कारण दृश्य प्रकाशानेही वांग गडद होतं. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन घ्या. चेहरा पांढराफटक दिसण्याची तक्रारही त्याने मिटते. छत्रीची लाज बाळगू नका, पुरुषांनीही.

पायरी ३: रात्री रेटिनॉइड, हळूहळू

वय कमी दाखवण्याचा दावा शेकडो बाटल्या करतात. त्यात सर्वांत जास्त पुरावा आहे तो अ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या रेटिनॉइडचा. रेटिनॉल सौम्य आहे. ॲडॅपलीन आणि ट्रेटिनॉइन ही औषधं आहेत, ती डॉक्टरांना विचारून. वाटाण्याएवढा थेंब पूर्ण चेहऱ्याला पुरतो. आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरू करा, कोरड्या चेहऱ्यावर लावा, वर मॉइश्चरायझर. डोळे, नाकपुड्या आणि ओठांचे कोपरे सोडा. पहिले काही आठवडे सालं निघतील. सहन होईल तसं वाढवा, आग होत असेल तर थांबा. इथे जिद्द कामाची नाही, कारण आग म्हणजे पुन्हा डाग.

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड बंद. अशा वेळी ॲझेलाइक ॲसिड हा डॉक्टर सहसा देतात तो पर्याय. आणि पार्लरमध्ये अप्परलिपचं वॅक्स करणार असाल तर आठवडाभर आधी रेटिनॉइड थांबवा, नाहीतर पट्टीबरोबर कातडीही निघते.

नायसिनामाइड, म्हणजे ब जीवनसत्त्वाचं एक रूप, डागांना आणि तेलकटपणाला मदत करतं. व्हिटॅमिन सी हवं तर सकाळी. पण मुंबईच्या उकाड्यात ते लवकर बिघडतं, सीरम तपकिरी झालं की फेकून द्या. काहीही नवीन आणलं की आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून बघा, आणि दोन नव्या गोष्टींमध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्या. एकदम चार सुरू केल्या तर पुरळ कशाने उठली हे कळणार नाही.

पायरी ४: तीन महिने थांबा

एकाच खिडकीजवळ, एकाच वेळी महिन्यातून एक फोटो काढा. बारा आठवड्यांच्या आत निकाल लावू नका.

पायरी ५: डॉक्टर निवडा, मशीन नव्हे

तीन महिन्यांनी डाग तसेच असतील, किंवा मुरुमांचे खड्डे, खोल रेषा असतील, तर क्लिनिक. पाटीवर 'कॉस्मेटोलॉजिस्ट' लिहिलेलं पुरेसं नाही. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा ही पदवी बघा आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळा. खिशाला परवडत नसेल तर परळचं केईएम, सायन, नायर आणि भायखळ्याचं जे.जे. या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा, रांगेची तयारी ठेवा. वांग, मुरुम, नायटा यांचं निदान तिथे उत्तम होतं.

पायरी ६: कोणता उपचार कशासाठी

केमिकल पील: ग्लायकोलिक, सॅलिसिलिक किंवा लॅक्टिक ॲसिडने वरचा थर काढतात. डाग, मुरुम, निस्तेजपणा यांवर सौम्य पील आपल्या त्वचेला मानवतं. दोन-चार आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. मे महिन्यात उन्हात फिरण्याचं काम असेल तर सुरू करू नका.

लेसरबाबत जास्त सावध राहा. सावळ्या त्वचेवर 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग तुलनेने सुरक्षित; खड्ड्यांसाठीचं फ्रॅक्शनल सीओटू प्रभावी, पण नंतर काळे डाग पडण्याची जोखीम आपल्यात जास्त. आधी छोट्या जागी चाचणी करून घ्या. वांगावर लेसर हा पहिला उपाय नाही. उतरलेलं वांग पुन्हा येतं, कधी जास्त गडद होऊन. खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंगमध्ये, म्हणजे बारीक सुयांनी टोचण्यात, डागाची भीती कमी.

बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, कपाळावरच्या आठ्या आणि डोळ्यांच्या कडेच्या रेषांवर काम करतं. दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम, तीन-चार महिन्यांत उतार. फिलर हेही इंजेक्शनच, ते चेहऱ्याचा गेलेला भराव परत देतं. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून 'हायल्युरोनिक फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज क्लिनिकमध्ये ठेवता का?' हे आधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या.

गोरेपणासाठी ग्लुटाथायोनची सलाइन लावून घेऊ नका. टिकाऊ फायद्याचा भक्कम पुरावा नाही, धोका मात्र आहे. पार्लरचं फेशियल आराम म्हणून करा, उपचार म्हणून नव्हे.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगायच्या गोष्टी: मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर, ओठांवर नागीण येत असेल तर, जखमेचे वण फुगत असतील तर, आणि गरोदरपण.

पायरी ७: लग्न असेल तर उलटं मोजा

तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल तर पावसाळ्यातच सुरुवात करा. मुहूर्ताच्या चार महिने आधी रात्रीचं रेटिनॉइड, तीन महिने आधी पील किंवा लेसर, आणि शेवटची बैठक निदान तीन आठवडे आधी. बोटॉक्स महिनाभर आधी, म्हणजे काही कमी-जास्त झालं तर दुरुस्तीला वेळ राहतो. शेवटच्या पंधरवड्यात नवीन क्रीम नाही, नवीन पार्लर नाही, मैत्रिणीने सुचवलेलं 'गोल्ड फेशियल' तर नाहीच. हळदीच्या चार दिवस आधी रेटिनॉइड बंद करा आणि काकू-आत्यांना आधीच सांगून ठेवा: हातापायांना हवी तेवढी हळद लावा, चेहऱ्याला नावापुरतं एक बोट.