पावसाबरोबर भरतीही बघा

हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे २४ तासांत २०४ मिमीहून जास्त पावसाची शक्यता. पण मुंबईत नुसता पाऊस बघून भागत नाही. साडेचार मीटरहून मोठी भरती असली की नाल्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही, आणि हिंदमाता, मिलन सबवेसारखे सखल भाग तुंबतात. म्हणून सकाळी डबा भरतानाच भरतीची वेळ बघून ठेवा. त्या सुमारास ऑफिसात असाल तर तिथेच आणखी एक चहा मागवा.

पाण्यातून चालावंच लागलं तर मिटलेली छत्री काठीसारखी पुढे टेकवत चला. पाणी गोल फिरताना दिसलं की खाली मॅनहोल उघडं समजा. चपला काढू नका, काचा असतात. पायाला जखम असेल तर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा आजार) लगेच डॉक्टरांना दाखवा. पालिकेचा आपत्कालीन नंबर: १९१६.